उन्हात तापवलेले सेल

एका अनोळखी बाईंची माफी मागायला मी पुण्याहून जळगावला निघाले. गाडीत झोप लागली नाही. पिशवीत एक जुनी कॅसेट होती, ती वाजवायचं यंत्र होतं, आणि माफी कशी मागायची ते शेवटपर्यंत ठरत नव्हतं.

माफी कशाची, ते आधी सांगते. मी बँकेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात जुन्या बाजारांतून कॅसेटी गोळा करते. सिनेमाच्या नाहीत. गावोगावच्या पोरांनी गच्चीवर, गॅरेजमध्ये गिटार आणि ड्रम बडवून केलेलं रॉक आणि पंक. कुठल्या कंपनीने न काढलेलं, मित्रामित्रांत कॉपी होऊन फिरलेलं आणि मग सगळ्यांच्याच विस्मरणात गेलेलं. ते साफसूफ करून मी माझ्या वेबसाइटवर ठेवते. ऐकणारे मोजके, पण दर्दी. नवरा या उद्योगाला ‘भंगार’ म्हणतो आणि जेवताना गुपचूप पायाने ताल धरतो.

तशीच एकदा ‘चौथी शिफ्ट’ हाती लागली. कव्हरवर निळ्या शाईने लिहिलेलं: ‘चौथी शिफ्ट, दीपनगर. गायक सुधाकर. ड्रम रघुनाथ.’ भुसावळजवळच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली, नव्वदच्या दशकातली पोरं. चार गाणी. पहिलं जोरात, दुसरं त्याहून जोरात, आणि शेवटचं ‘बाबा झोपलेत’ तर सुसाट. वडील रात्रपाळी करून आलेत, दिवसा झोपलेत, म्हणून घरात कुणी आवाज करायचा नाही, एवढाच त्या गाण्याचा विषय. आणि तो सुधाकर घसा फाडून ओरडत सांगतो. मी ऐकून वेडी झाले. वेबसाइटवर खाली लिहिलं, ‘दर गाण्यागणिक चढत जाणारा हा वेग म्हणजे या पोरांच्या रागाचा पारा आहे. असा चिरका, कोवळा, बेभान आवाज मराठीत दुसरा नाही.’

ज्याचं त्याला विचारल्याशिवाय लावायचं नाही, हा माझा नियम. इथे कुणी सापडेना म्हणून मी तो मोडला. महिन्याभरात जळगावच्या पिंप्राळ्याहून संदेश आला. ‘मी सुधाकरची मोठी बहीण. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही लावलेला आवाज त्याचा नाही. त्याच्या नावावर दुसऱ्याला गायला लावू नका.’ मी गाणी त्याच दिवशी काढली. पण कव्हरवर नाव तर त्याचंच होतं. मग गात होतं कोण?

पिंप्राळ्यात रिक्षावाल्याने दोन कॉलन्या फिरवून तिसरीत बरोबर आणून सोडलं. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणू लागले. साठीच्या, सडसडीत, बोलायला नेमक्या. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “आधी जेवा. उपाशी माणसाशी काय भांडायचं?” हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. माफी मागायला आलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण खानदेशातल्या थंडीतल्या भरतापुढे कसली आलीय शोभा!

जेवणानंतर अक्कांनी सुधाकरचा फोटो दाखवला. कुरळे केस, हातात उसनी वाटावी अशी गिटार.

“घरात फोटो आहेत त्याचे. आवाज नाही,” त्या म्हणाल्या. “मुलीने फोन केला, मामाचं गाणं सापडलं म्हणून. मी पिठाच्या हातानेच मोबाइल धरला. आणि ऐकलं तर हे कुणीतरी भलतंच पोर केकाटतंय. आमचा सुधाकर जाड आवाजाचा. हाक मारली की तीन क्वार्टर पलीकडे जायची.” मग माझ्याकडे न बघता आपल्या घरच्या अहिराणीत पुटपुटल्या, “हाऊ मना भाऊ नही.” (हा माझा भाऊ नाही.)

ड्रमवाला रघुनाथ कुठे असतो, ते अक्कांना ठाऊक नव्हतं. सुधाकर गेल्यावर त्याचं येणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी दीपनगर गाठलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, घडांना पिशव्या बांधलेल्या, आणि त्यांच्यावर लांबून दिसणारी उंच धुराडी. कॉलनीबाहेर चहाच्या टपरीवर एक आबा बसले होते. ‘चौथी शिफ्ट’ म्हटल्याबरोबर ते उसळले.

“ते डबे बडवणारे? सायकल स्टँडवर धिंगाणा घालायचे. माझी म्हैस बिचकायची त्यांच्यापायी!”

“कसं वाजवायचे?”

“वाईट,” आबा म्हणाले. मग चहाचा घोट घेऊन, “पण बंद झाले तर करमेना.” रघुनाथ साक्रीकडे मास्तर आहे, हेही त्यांनीच सांगितलं. ‘वाईट, पण करमेना’ इतकं खरं परीक्षण मला माझ्या वेबसाइटवर कधी लिहिता आलेलं नाही.

साक्रीला जायचं तर धुळ्याला एसटी बदलावी लागते. धुळ्याच्या स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. ती इतकी झणझणीत की डोळ्यांतल्या पाण्यातून पाटी नीट दिसली नाही आणि मी शिरपूरच्या गाडीत जाऊन बसले. कंडक्टरने वेळेवर उतरवलं. “ताई, शेवभाजी खाल्ली वाटतं,” एवढंच म्हणाला. साक्रीच्या वाटेवर केळी संपते, कापूसही विरळ होतो आणि उघडे, तांबूस डोंगर सोबतीला येतात.

रघुनाथ, म्हणजे आता गावाचे नाना, शाळेच्या ओसरीतच भेटले. टक्कल, चष्मा, आणि बोलता बोलता बोटं बाकावर वाजत होती. मी कॅसेट लावली. पहिल्या गाण्याला ते हसले. तिसऱ्याला कपाळाला आठ्या पडल्या. ‘बाबा झोपलेत’ सुरू झालं तसे उभेच राहिले.

“हाऊ कोन पयी राहिना?” (हा कोण पळत सुटलाय?) “आम्ही इतकं जोरात कधीच वाजवलं नाही. माझे हात तरी चालले असते का?”

मग मला घरी घेऊन गेले. कोपऱ्यात कापडाखाली पेटी होती. कॉलनीतल्या भजनी मंडळाची ती पेटी नानांचे वडील वाजवायचे, निवृत्त होताना मंडळाने त्यांनाच दिली. “गिटार सुरात लावायला आमच्याकडे काय होतं? हीच. वडील घरात नसले की पेटी काढायची, काळी दोन दाबायची आणि गिटारची पहिली तार तिच्यावर लावायची. चारही गाणी याच सुरातली.”

त्यांनी भाता ओढून काळी दोन दाबली. कॅसेटवरचं पहिलं गाणं जेमतेम तिच्या वर होतं. शेवटचं पार दोन पट्ट्या वर पळालं होतं. नानांनी कपाळावर हात मारला.

“सेल!”

टेपरेकॉर्डर विजेवर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घुमण्याचा आवाज यायचा, म्हणून सेलवर चालवायचं ठरलं. सेल होते जुने, मेलेले. मग मे महिन्यात घराघरांतून करतात तेच केलं: सहाही सेल सकाळपासून सायकल स्टँडच्या तापलेल्या पत्र्यावर उन्हात ठेवले. उन्हाने सेलमध्ये थोडी धुगधुगी येते. ती जेमतेम पहिल्या गाण्याला पुरली. पुढे सेल मरत गेले, रेकॉर्ड होताना फीत हळूहळू सरकू लागली. म्हणूनच चांगल्या यंत्रावर ती आज वाजवली की गाणी पळतात आणि जाड आवाज चिरका होतो. ज्याला मी रागाचा पारा म्हणाले होते, तो उतरत चाललेला सेल होता! विजेच्या कॉलनीतल्या पोरांनी विजेवाचून केलेलं रेकॉर्डिंग, आणि त्यावर मी केवढं प्रवचन झोडलं होतं. मला लाज वाटली आणि हसूही आवरेना.

माझ्या यंत्राला वेग कमी-जास्त करायची चकती आहे. नानांनी काळी दोन धरून ठेवली, मी चकती हळूहळू मागे फिरवत गेले. गिटार खाली येत आली, आली, आणि पेटीच्या सुरात मिसळून गेली. सुधाकरने तोंड उघडलं. नानांचा भाता थांबला. ते चष्मा काढून पुसत बसले. एकेक गाणं असं सुराला लावून मी फोनवर उतरवून घेतलं.

परतीच्या वाटेवर पुन्हा पिंप्राळा. अक्का मेथी निवडत होत्या. मी सेलची गोष्ट सांगितली, त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवला नाही. मग मी ‘बाबा झोपलेत’ लावलं. आता ते सुसाट नव्हतं. जड, रुंद पावलांनी चालत होतं. शब्द न् शब्द कळत होता: चपला हातात घ्या, कडी लावू नका, बाबा झोपलेत. मला इतके दिवस राग ऐकू आला होता. ते पोरगं वडिलांच्या झोपेची राखण करत होतं.

अक्कांच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. गाणं संपलं. मग मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सर्दी व्हयेल शे याले.” (याला सर्दी झालीय.) “भर मे महिन्यात बर्फाचा गोळा खाऊन आला होता. मी काढा करून दिला, तर नाक दाबून प्यायला आणि पळाला. कुठे पळाला ते आज कळलं.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, पाणी तसंच वाहू दिलं. “बठ्ठं आयकाडा माले,” म्हणाल्या. सगळं ऐकवा मला.

चारही गाणी दोनदा झाली. निघताना मी विचारलं, “अक्का, लावू का पुन्हा?”

“लावा. पण त्या दुसऱ्याला आता गाऊ देऊ नका.”

त्या दुसऱ्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तो चिरका, बेभान पोरगा मला फार आवडला होता. पण तो कधी नव्हताच. होता तो त्याच्याहून मोठा गायक होता, आणि तो ऐकू यायला मला जळगाव, धुळं, साक्री एवढं फिरावं लागलं. कॅसेटी साफ करताना मी फक्त खरखर काढत आले होते. ऐकणं त्याच्या पुढचं काम आहे, हे मला पेटी धरलेल्या एका मास्तरांनी आणि मेथी निवडणाऱ्या एका बाईंनी शिकवलं.

पुण्याला पोचल्यावर बॅग न उघडता आधी गाणी लावली. रागाचा पारा वगैरे माझा सगळा मजकूर पुसून टाकला आणि त्या जागी एकच ओळ लिहिली: ‘रेकॉर्डिंगच्या दिवशी गायकाला सर्दी झाली होती.’