वरसे गावातलं रोमन गाढव

ताईला बघायला रोह्याला निघायचं होतं, तर आदल्या संध्याकाळी भावोजींचा फोन आला. पेणला उतर आणि येताना पिशवीभर शाडूची माती घेऊन ये. ताई कशी आहे, हे मीच विचारलं. "आहे तशी," म्हणाले आणि पुन्हा मातीवर आले.

पेणला पाऊस नव्हता, पण हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. श्रावणातले कारखाने म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. डोळे न रंगवलेले गणपती रांगेनं बसले होते. माती मळणाऱ्या बाईनं विचारलं, "मूर्ती नको नि नुसती माती? कशाला?"

"गोळे करून यंत्रातून फेकायला," मी म्हणाले. तिनं मला नीट न्याहाळलं आणि मूठभर माती जास्तच घातली.

पुढे रोह्याची गाडी मिळाली. नागोठणं गेलं, निडीला गाडी उगाच थांबून राहिली. दोन्हीकडचा हिरवागार भात बघून मन प्रसन्न झालं, असं लिहायची आम्हा प्रवासवर्णनं लिहिणाऱ्यांची रीत आहे. माझं झालं नाही.

रोह्यात रिक्षावाल्याला वरशाचा पत्ता सांगितला तर तो हसला. "सरांकडे? गाढव बघायला काय? अजून उडत नाय हां ते."

भावोजी इतिहासाचे शिक्षक. ग्रीकांचे चाकांवरचे लाकडी मनोरे आणि रोमनांची दगडफेकी यंत्रं त्यांनी जन्मभर फळ्यावर काढली. निवृत्त झाल्यावर खरं यंत्र करायला घेतलं, तेही नेमकं ताईचा आजार निघाल्यावर. रोमन सैनिक या यंत्राला रानगाढव म्हणत, कारण दगड सुटला की ते मागून लाथ मारल्यासारखं उसळायचं. जाड लाकडाची चौकट, मधे दोरांचा पिळलेला जुडगा आणि त्यात खोचलेला उभा दांडा. दांडा मागे ओढून सोडला की दोरांचा पीळ त्याला पुढे फेकतो. सगळा जोर त्या पिळात. ते धूड घरापुढच्या पडवीत बसलं होतं आणि भावोजी त्याच्यापुढे उकिडवे. त्यांनी आधी पिशवी घेतली, मग मला 'ये' म्हटलं.

ताई आत खाटेवर होती. डोक्याला सुती रुमाल. तिचा शेपटा कमरेखाली यायचा.

"केस गं?"

तिनं पडवीकडे बोट केलं. "काथ्याचा दोर सारखा तुटत होता त्यांचा. औषधानं केस गळायचेच होते, मी आधीच कापून दिले."

रोमनांनी कार्थेजला वेढा घातला तेव्हा तिथल्या बायकांनी यंत्रांच्या दोरांसाठी केस दिले म्हणतात. भावोजींनी तिला ते सांगितलेलं होतंच.

"त्यांना शहर वाचवायचं होतं," ताई म्हणाली. "मला नाय. ते एकदा उडालं की यांचं काम संपेल. मग माझ्यापाशी बसतील. तेवढ्यासाठी दिले गो."

मी वालाचं बिरडं केलं. भावोजींनी पडवीतच जेवून घेतलं. ताईला दोन घासही गेले नाहीत.

सकाळी तिला दारात खुर्चीवर बसवलं. भावोजींनी दांडा सोडला. दणका बसून चौकट उसळली आणि मातीचा गोळा कुंपणावरून शेजारच्या खाचरात जाऊन पडला. ताईचा चेहरा उजळला.

"झालं ना? या आता आत."

भावोजी दोर चाचपत होते. "दमट हवेनं पीळ सैल पडलाय. परत भरायला हवा. मग बघ, रस्त्यापलीकडे जाईल."

ताईला आत निजवून मी तरातरा बाहेर आले. "भावोजी, पुरे. ती तुमची वाट बघत्ये."

त्यांनी मान वर केली नाही. "रिकाम्या हातांनी तिच्यासमोर नाय बसवत मला," म्हणाले. माझा राग जागच्या जागी विरला, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. रागावता तरी आलं असतं.

निघताना ताईनं विचारलं, "संपलं का गो त्यांचं?" पडवीतून दोर पिळल्याची करकर येत होती. ती तिलाही ऐकू येत होती.

"संपत आलंय," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत पाऊस लागला. वेढ्यांच्या जागा मी पुष्कळ पाहिल्या, त्यांवर लिहिलंही. दर वेळी यंत्राचा दगड किती लांब जात असेल, एवढंच मनात आलं. ताईची खाट आणि पडवी यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. भावोजींना तो ओलांडवत नाही, आणि ताईकडे आता द्यायला केस उरलेले नाहीत.