चिठ्ठी त्याची निघाली

२०२३ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो. माझा चुलतभाऊही बाहत्तरचाच, पण पंधरवड्याने मी मोठा. आमच्या शेतांना बांध एक, घरांना भिंत एक. कोणाचा कापूस आधी फुटला, कोणाची बैलजोडी देखणी, अशी आमची तुलना गावाने जन्मभर केली. बहुतेक वेळा मीच वरचढ ठरलो. विश्वास नसेल तर गावात विचारा.

त्या वर्षी धुळ्याची एक मुलगी दोंडाईच्याहून रिक्षाने आमच्या गावात यायला लागली. डॉक्टर होती, पण गोळ्या-औषध देणारी नव्हे. कॅन्सर कोणाला होतो, कोणाला होत नाही आणि का, यावर तिची पीएचडी चालली होती. सोबत दोन शिकाऊ पोरी. आमच्या शिंप्याला तोंडाचा कॅन्सर झालेला. आता तिला त्याच्याच वयाचा, त्याच गावचा, पण तो आजार नसलेला माणूस पाहिजे होता. दोघांना सारखेच प्रश्न विचारायचे आणि फरक बघायचा, अशी तिची रीत.

निरोगी म्हटल्यावर गावात दुसरं कोण? मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, ओट्यावर येऊन बसलो. मुली आल्या. मला नमस्कार केला आणि सरळ शेजारच्या ओट्यावर चढल्या.

आमच्या वयाच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून तिने एक उचलली होती म्हणे. चिठ्ठी त्याची निघाली.

तासभर मी भिंतीच्या अलीकडे बसून ऐकलं. काय खाता, कधीपासून, दिवसातून कितीदा. ह्याने पोरवयापासून विड्या ओढलेल्या, आणि ह्याला निरोगी म्हणून खुर्ची! मी विडीला कधी हात लावला नाही. तंबाखू नाही, दारू नाही. गालात सुपारीचं खांड असतं, तेवढंच.

मुली निघाल्या तेव्हा मी तिला हाक मारली. "बाई, मला पण घे तुझ्या अभ्यासात."

"आबा, तसं नाही घेता येत. स्वतःहून आलेल्यांना घेत गेले, तर अभ्यास वाकडा होतो."

"मग त्याला काढ. विड्या ओढतो तो."

ती हसली. "म्हणून तर विचारायचं. एकट्या माणसावरून काही कळत नाही, आबा. पुष्कळ आजारी आणि पुष्कळ धडधाकट शेजारी-शेजारी ठेवले की कळतं." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सुपारी खाता ना? अभ्यासात नसलात तरी तोंड बघून देते. बॅटरी आहे माझ्याकडे."

"अभ्यासात नाही, तर तोंड पण नाही," मी म्हणालो आणि घरात गेलो.

खरं सांगायचं तर दिवाळीपासून मला ठेचा सोसत नव्हता. जिभेला लावला की आग. भाकरी मी दुधात कुस्करून खात होतो. बायको विचारायची, तिला दाताचं कारण सांगायचो. तोंड दाखवायचं मनात होतं, नाही असं नाही. पण त्याची तपासणी झाल्यावर उरल्यासुरल्या वेळात दाखवू?

संध्याकाळी पारावर त्याचाच दरबार. "मना तोंडमा तीन बोटं गयात!" उभी तीन बोटं तोंडात घालून तो सगळ्यांना दाखवत होता. "डॉक्टरीण म्हणाली, तीन बोटं गेली पाहिजेत, नाहीतर तोंड आतून आखडलंय समजायचं. त्या पोरी माझ्याच तोंडावर शिकल्या. मास्तर झालो ना मी!"

लोक हसले. एक जण म्हणाला, "भाऊ, तुम्ही घाला बरं."

"मी काय तमाशात आहे का?" म्हणून मी उठलो.

घरी आलो. कडी लावून आरशासमोर उभा राहिलो. त्याची तीन, तर माझी चार जातील, ह्याच हिशेबाने जबडा ताणला. एक बोट गेलं. दुसरं अर्ध्यावर अडलं. परत ताणला. गालात आतून दोरी ओढल्यासारखं झालं, पाणी आलं डोळ्यांत, पण बोट पुढे सरकेना.

मागच्या दाराने बायको आली. "आरसासमोर काय करी ऱ्हायनात?"

मी बोटं काढून धोतराला पुसली. तिने माझी बोटं पाहिली. पारावरची गोष्ट तिच्यापर्यंत आधीच आली असावी. ती खाली बसली. "आज शाळेत मुक्काम आहे, सकाळी जाणार आहे ती डॉक्टरीण. मग परत कधी येईल कोणास ठाऊक," एवढंच बोलली. रात्री तिने भाकरी दुधात कुस्करूनच समोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आलो तर ती मुलगी रिक्षाची वाट बघत त्याच्या ओट्यावर बसलेली. हातात त्याच्या घरचा चहा. माझ्या घरचा का नाही, हे मला तेव्हाही टोचलं. मी माझ्या ओट्याची पायरी उतरलो आणि त्याच्या ओट्यावर चढलो.

"या भाऊ, या!" तो म्हणाला. "चिठ्ठी निघाली वाटतं तुमची?"

"तू गप बस," मी म्हणालो. गालातलं खांड थुंकलो, त्याच्याच खाटेवर त्याला सरकवून बसलो. "बाई, बॅटरी काढ."

आणि त्याच्या देखत तोंड उघडलं, उघडत होतं तेवढं.