जवाईबापूंचा बंधारा

माझ्या सासुरवाडीतली धानाची एक बांधी (म्हणजे भाताचं खाचर) एका दुपारपुरता तलाव झाली होती, आणि तो तलाव मी स्वतः, कुणाचीही सक्ती नसताना, समाजसेवा म्हणून बांधला होता.

त्याचं असं झालं. पावसाळा सरला की गावोगावच्या नाल्यांवर लोकांनी श्रमदानातून वनराई बंधारे बांधावेत, असं सरकारचं धोरण. रिकाम्या चुंगड्या (म्हणजे सिमेंटची पोती) कृषी खातं देणार, जागा कृषी सहायक दाखवणार, आणि आमच्यासारख्या सरकारी कर्मचाऱ्यांनी श्रमदान केलं तर तो दिवस कामावरचाच धरणार! हे शेवटचं वाक्य वाचलं आणि माझ्यातला समाजसेवक खडबडून जागा झाला. फुलचूरहून बायकोला, म्हणजे वंदनाला, मोटरसायकलवर बसवलं आणि गोरेगावच्या पुढे तिच्या माहेरी दाखल झालो.

चुंगड्या आल्या होत्या. जागा दाखवायला कृषी सहायक ताई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. मी म्हटलं, "उद्या कशाला? ताई येतील तेव्हा बंधारा तयार पाहिजे. बघतच राहतील!" (हे मात्र खरं झालं.)

आता आमच्याकडे जावई म्हणजे काय चीज असते, ते सांगायला हवं. जावई चुकत नाही. चुकलाच तर त्याला कुणी सांगत नाही. आणि मी एकट्या सासऱ्यांचा नव्हे, अख्ख्या गावाचा जावई! मोहाच्या झाडाखाली नाला अरुंद होता, छान सावली होती. मी बोट दाखवलं. "इथेच."

माझा साळा भाऊराव, गावातला मोठा कष्टाळू शेतकरी, डोकं खाजवत म्हणाला, "थोडं खालतं सरकलो तं जमन काय जी?"

"खाली ऊन आहे. पाहुण्यांना उन्हात उभं करता का?"

"नाही जी, तसं नाही..." त्याने शेजारच्या आपल्या बांधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोरासोरांसह जमलेल्या गावाकडे वळून म्हणाला, "जवाईबापू म्हणतेत तं बांधा बाप्पा इथंच."

मी घमेल्याला हात लावला. एकदम कल्ला!

"अरे, जवायाले काऊन उचलू देता?"

"खुर्ची आणा बे कोणी!"

अशा रीतीने मी खुर्चीत बसून श्रमदान केलं. गाव रेती भरत होतं, चुंगड्या शिवत होतं, रचत होतं, आणि मी सूचना देत होतो. "अजून घट्ट! फटीत चिखल भरा! थेंब जाता कामा नये!" पाणी जायला सांडवा ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांचा मी जावई होतो.

जेवण उरकून पुन्हा खुर्चीत येऊन बसलो. डोळा लागत होता, तेवढ्यात वंदना चहा घेऊन आली.

"आवो, नाल्यातलं पाणी कुठं गेलं?"

"अडलं!" मी छाती फुगवून म्हणालो.

"अडलं ते दिसते. अडून कुठं गेलं, ते विचारून राहिली मी."

मी मागे वळून पाहिलं. भाऊरावच्या बांधीत कापलेलं धान वाळत पडलं होतं. त्या पसरलेल्या पेंढ्यांना कडपा म्हणतात. तो कडपा आता वाळत नव्हता. पोहत होता! वर्षभराचं धान. दोन दिवस असं भिजलं तर लोंबीतच कोंब फुटतात. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभ्या होत्या. एक भिजलेली पेंढी उचलून पिळत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"फोडा! बंधारा फोडा!" मी ओरडलो आणि बुटांसकट नाल्यात उतरलो. पण फुटेल तर शपथ! आयुष्यात माझ्या हातून एकच काम पक्कं झालं होतं, आणि नेमकं तेच तोडायचं होतं. मी एक चुंगडी ओढली. चुंगडी जागची हलली नाही, मी मात्र आडवा झालो.

मग जे झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. हाक कुणी दिली, मला माहीत नाही. सकाळी राबलेलं तेच गाव पुन्हा धावत आलं. गडी चुंगड्या उपसायला लागले. बायका गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि पेंढ्या हातोहात वरच्या कोरड्या रस्त्याकडे सरकू लागल्या. एक स्कूटी थांबली. कृषी सहायक ताई एक दिवस आधीच हालहवाल बघायला आल्या होत्या. त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी ओढणी कमरेला बांधली आणि रांगेत उभ्या राहिल्या. मीही चिखलाने माखून त्यांच्या शेजारी. या वेळी खुर्ची कुणी आणली नाही.

"बापू, मासोळ्या सोडता काय बांधीत?" रांगेतून एक म्हातारी ओरडली, आणि सगळी रांग हसत सुटली. मीसुद्धा.

ऊन उतरायच्या आत शेवटची पेंढी वर आली. ताई कपाळावरचा चिखल पुसत म्हणाल्या, "जागा दाखवायलेच मी उद्या येणार होती न जी. एक दिवस दम धरला असता!"

भाऊराव एवढंच म्हणाला, "वल्लं झालं तं वाळून जाईन जी. तुम्ही पाय धुवा आधी." माणसाने इतकं चांगलंही असू नये हो!

धान वाळलं, वाचलं. ते घरी आल्यावर ताईंनी दाखवलेल्या जागी, त्याच चुंगड्यांचा, सांडव्यासकट नवा बंधारा झाला. त्या पाण्यावर लाखोरीचं पीक डोललं. मी त्या गावाचं देणं लागतो, आणि ते फिटायचं नाही.

त्या दिवशी निघताना मामींच्या पाया पडलो. त्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जवाईबापू, तुमचं मन लय मोठं आहे जी. पण तुमच्या फुलचूरले काही समाजसेवा करासारखं नाही काय?"

मी तिथल्या तिथे शब्द दिला. फुलचूरच्या लोकांना अजून काही सांगितलेलं नाही.