वरच्या भाडेकरूचा नायट्रोजन

सगळ्या इंदुरात आभाळाचं काम करणारा आणि आभाळाकडे चुकूनही न बघणारा माणूस एकच, आणि तो आमच्या वरच्या खोलीत राहतो. नाशकाकडून इथल्या कॉलेजात शिकवायला आला. मी मिलमधला, चौथी पास. मला वाटलं, हा आपल्याला शनी दाखवेल. ह्यानं कम्प्यूटरवर एक वाकडीतिकडी रेघ दाखवली आणि म्हणतो, "काका, हा एन-टू-एच-प्लस." मला गाडीचा नंबर वाटला. ताऱ्यांच्या मधे गारठलेले ढग असतात म्हणे, त्यांत तो सापडतो. तिथल्या थंडीचा विचार करकरून हा भर मे महिन्यात मफलर बांधून हिंडतो. भाजीवाला विचारतो, "क्या भिया, तबियत खराब है?" तर ह्याचं उत्तर, "नहीं, अभी बादल में हूँ."

सकाळी आमच्याकडे पोहे खायचा, तेही शिकवत. दोन शेंगदाणे चिकटवून ठेवायचे, तो नायट्रोजन. तो एकटा असला की दुर्बिणीला दिसत नाही. त्याला डाळिंबाचा दाणा, म्हणजे हायड्रोजन, येऊन चिकटला की झाला एन-टू-एच-प्लस, मग दिसतो. शेव म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवली की होतो तो विषारी वायू. थंडीत तो धुळीवर गोठून पडतो, म्हणून शेंगदाण्यांचं आणि डाळिंबाच्या दाण्याचं बरं चालतं. जरा ऊब आली की शेव सुटते आणि दाणा पळवते. एवढं सांगून हा सगळं आभाळ चमच्यानं उचलून तोंडात टाकायचा. मला डोंबल कळायचं! आमची ही मात्र पोळ्या सोडून ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "मग दाणा गेल्यावर शेंगदाण्यांचं काय होतं रे?" ह्याला कॉलेजला उशीर होत होता. "उद्या सांगतो, काकू," म्हणाला आणि पळाला. त्याच दुपारी ती बसल्या जागी गेली.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. गेलेल्याचं मन कशात अडकलं की शिवत नाही, म्हणून आम्ही एकेक कबूल करत सुटलो. मी म्हटलं, तुझ्या पाटल्या नातीला देईन. मुलगा म्हणाला, बाबांना एकटं पडू देणार नाही. मी म्हटलं, बरं बाई, तंबाखू सोडतो. कावळे भिंतीवरून नुसते बघतायत. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. ही अशीच अडकून राहिली तर? तेवढ्यात हा मफलरवाला पुढे सरकला, पिंडासमोर उकिडवा बसला आणि वर्गात बोलतात तसा बोलला, "काकू, शेंगदाणे कुठे जात नाहीत. तिथेच असतात. फक्त दिसत नाहीत."

"हा कुठला मंत्र, भिया?" गुरुजी म्हणाले, आणि कावळा उतरला.

भुकेनं उतरला की उत्तरासाठी, मला काय ठाऊक! एवढा संसार केला माझ्याबरोबर, आणि मन अडकलं ते कुठल्या ढगात, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही. आता पोहे मी करतो. करपतात. तरी तो खातो. मी रोज विचारतो, "पण असतात ना तिथे?"

"असतात, काका."

"मग दिसत का नाहीत?"

तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो, आणि मी चहा गार होऊ देतो.