आईच्या नावचा रिफंड

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. वडील पट्ट्यानं मारायचे, दादा मला मारायचा, मी गल्लीतल्या पोरांना मारायचो आणि संध्याकाळी सगळे एकत्र बसून भाकरी खायचो. त्यामुळे मारणं ही काही वाईट गोष्ट असते, असं मला चाळिशी उलटेपर्यंत वाटलंच नाही. बायकोनं कधी विषय काढला तर मी म्हणायचो, मार खाल्लेली माणसं सरळ होतात. मी काही सरळ झालो नव्हतो, पण हे माझ्या तोंडावर सांगायची तिची हिंमत नव्हती.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी मी माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात मोडला. कारण झालं आयकराच्या परताव्याचं. आमच्याकडे त्याला सगळे रिफंड म्हणतात, मीही तेच म्हणतो.

नाशिकच्या कडेला आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा. मोठा रस्ता झाला तेव्हा त्यातला एक तुकडा गेला. वडिलांच्या मागे सातबारा आईच्या नावावर, म्हणून मोबदलाही तिच्याच नावावर आला. तो आम्ही तसाच बँकेत ठेव म्हणून टाकला. पैसा वाटला की चूल वाटली जाते, आईच्या नावावर राहिला तर चूल एकच राहते, अशी आमच्याकडची समजूत. ठेवीच्या व्याजातून बँक दहा टक्के कर कापून घेते. आईला एवढा कर लागत नाही, म्हणून सीए दरवर्षी तिचं विवरणपत्र भरतात आणि कापलेले पैसे परत येतात. ज्याचं पॅन त्याच्याच खात्यात ते येतात. आईच्या खात्याला दादाचंही नाव होतं, कार्ड दादाच्या खिशात, मेसेज दादाच्या फोनवर. रिफंड आला की दादा अर्धा मला द्यायचा. पैसे आईचे, पण तिला कोणी विचारत नसे.

त्या वर्षी बासष्ट हजार चारशे यायचे होते. माझा वाटा एकतीस हजार दोनशे. दादानं पाकिटात घालून दिले दहा हजार चारशे पन्नास.

आम्ही शेडमध्ये झेंडूचे क्रेट भरत होतो. तोडणीच्या बायका बाहेर जेवायला बसल्या होत्या. मी पाकीट उघडलं, मोजलं, परत मोजलं.

"एवढंच?"

"या साली कमी आला," दादा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

"सीएनं बासष्ट सांगितले व्हते."

"सरकारनं कापून घेतले."

"सरकारनं कापले का तू कापले?"

"मागून बोलू. आत्ता माल भर. टेम्पो येईल."

मला त्या पैशांची नड नव्हती, हे आज कबूल करतो. पण 'मागून बोलू' म्हणजे खाल्ले, असा मी अर्थ लावला आणि तोंड सोडलं. वहिनीच्या हातात नव्या पाटल्या होत्या. त्या कुठून आल्या ते आत्ता कळलं, असं मी सगळ्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. दादानं मला ढकललं. मी क्रेटवर जाऊन आदळलो. बाहेर कोणीतरी हसलं. खरंच हसलं की मला तसं वाटलं, देव जाणे.

कोपऱ्यात टिकावाचा दांडा होता. तो मी उचलला आणि फिरवला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दादा ओरडला नाही, फुलांच्या ढिगात मटकन खाली बसला. मी दुसरा वार पाठीवर केला. बायकोनं मागून शर्ट धरला, तिला मी झटकलं, ती क्रेटच्या कडेवर पडली आणि तिच्या भुवईतून रक्त यायला लागलं. वहिनी किंचाळत होती. मग आई आली आणि दादाच्या अंगावर पालथी पडली. तरी दांडा माझ्या हातात होताच. मला अजून मारायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. आई मध्ये नसती तर मी थांबलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, आत धातूची पट्टी घालावी लागली. दादानं डॉक्टरांना सांगितलं, टेम्पोतून पडलो. मला वाटलं, चोरी उघडी पडेल म्हणून खोटं बोलतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीएंच्या ऑफिसात गेलो. किडकिडीत माणूस, आवाज हळू. मी आत शिरलो तो सरळ त्यांची कॉलर धरून त्यांना कपाटाला टेकवलं. चष्मा खाली पडला, तो माझ्याच पायाखाली गेला. "तुम्ही दोघांनी मिळून खाल्ले," असं म्हणत मी त्यांना दोनदा कपाटावर आपटलं. त्यांची मदतनीस बाई फोन लावायला लागली, तिच्या हातातला फोन मी भिंतीवर फेकला.

"आधी कागद बघा," सीए धापा टाकत म्हणाले. "मग मारा."

कागद त्यांनी फुटक्या चष्म्यातून शोधून काढला. आईच्या पॅनवर चार वर्षांपूर्वीची मागणी थकलेली होती. व्याजासकट साडेएक्केचाळीस हजार. जुनी बाकी असेल तर आयकर खातं नव्या रिफंडमधून ती वळती करून घेतं आणि उरलेले खात्यात टाकतं. खात्यात आलेले पैसे होते वीस हजार नऊशे. त्याचे निम्मे किती, ते मला करून बघावं लागलं नाही.

"कापायच्या आधी त्यांनी नोटीस दिली होती," सीए म्हणाले. "तुम्हाला मान्य आहे की नाही ते विचारलं होतं. मी तुमच्या भावाला बोलावलं. म्हटलं, त्या वर्षी तुमच्या आईंनी एका संस्थेला मोठी देणगी दिल्याचं दाखवलंय, तिची पावतीच नाही. त्यांनी साल विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, मान्य करून टाका."

साल कोणतं ते मी कागदावर परत वाचलं.

त्या एका वर्षी आईचे कागद सीएंकडे न जाता माझ्याकडे होते, कार्डही माझ्याकडे होतं. मी तेव्हा अंबडला कंपनीत होतो. तिथं एक जण सगळ्यांची विवरणपत्रं भरायचा, रिफंड जास्त काढून द्यायचा आणि त्यातला हिस्सा घ्यायचा. कोणाला देणगी दाखव, कोणाला आजारपण दाखव. तेव्हाच्या नियमानं आईला थोडा कर बसत होता, तो वाचवायला त्यानं तिच्या नावावर देणगी दाखवली. माझ्या आईनं देवळाच्या पेटीत दहाच्या वर कधी टाकले नसतील. पूर्ण साठ हजार परत आले. घरी मी सांगितलं, या साली रिफंड अडकला. त्यातून मोटरसायकल घेतली आणि बोनस मिळाला म्हणून पेढे वाटले. पुढच्या वर्षी दादानं कार्ड मागितलं, मी मुकाट देऊन टाकलं; खात्याला त्याचं नाव आणि फोनही तेव्हाच लागला. नोटिसा त्या माणसानं बनवलेल्या ईमेलवर गेल्या असतील, त्या मी कधी पाहिल्याच नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातला चोर मीच आणि बोंबाही माझ्याच.

यावर शहाण्या माणसानं घरी जाऊन पाय धरले असते. मी अंबडला गेलो, त्या माणसाचे दात पाडायला. त्याची खोली बंद होती, तो दोन वर्षांपूर्वीच सोडून गेला होता. तरी मी त्या दाराला लाथा घालत राहिलो. फळी तडकली, माझ्या पायाचा अंगठा फुटला. शेजारची बाई पोलिसांना बोलावते म्हणाली तेव्हा थांबलो. कोणाला तरी मारल्याशिवाय घरी जाणं मला जमत नव्हतं.

दादाला दसऱ्याला घरी सोडलं. फुलं मजुरांनी कशीबशी बाजारात नेली होती, भाव चांगला मिळाला होता, पण घरात कोणी दाराला तोरण लावलं नव्हतं. मी त्याच्या खोलीत गेलो. वहिनी उठून बाहेर गेली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. देणगीचं, साठ हजारांचं, मोटरसायकलचं.

"मला ठाव हाय," दादा म्हणाला. "सीएंनी साल सांगितलं तव्हाच कळलं."

"मग तिथंच बोलला का नाय?"

"बायकांसमोर बोलू? आईला कळलं असतं. दसरा झाला का तुला एकट्याला गाठून सांगणार व्हतो. चार शिव्या देणार व्हतो."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं पाय मागे घेतले.

"पैशाचं काय नाय," तो म्हणाला. "पैसे मी सोडले व्हते. पण तू लोकांना सांगून राह्यला का दादाच्या हातावर मारलं. तू हातावर नाय मारलं. दांडा डोक्यावर येत व्हता. मी हात मधी घातला, म्हणून हात मोडला."

ते खरं होतं. दांडा उचलताना मी त्याच्या डोक्याकडेच बघत होतो. इतके दिवस मी बायकोला, आईला, स्वतःलाही हातच सांगत होतो.

"आता मला तुझ्याकडं पाठ करून फुलं तोडता येणार नाय," दादा म्हणाला. "लय भीती वाटती. वाटणी करून टाकू."

दिवाळीनंतर वाटणी झाली. आईनं दोन्ही कागदांवर सही केली आणि ती दादाकडे राहायला गेली. बायको भुवईवरची खूण घेऊन माझ्याकडे राहिली, का राहिली ते विचारायचं धाडस मला झालेलं नाही. मळ्याच्या मधोमध तारेचं कुंपण आलं. दादाची मूठ अजून पूर्ण मिटत नाही, पण पलीकडे तो डाव्या हातानं तोडणी करतो. मी माझ्या बाजूला असलो की त्याचं तोंड माझ्याकडे असतं.

ठेव अजून आईच्या नावावर आहे. बँक कर कापते, सीए विवरणपत्र भरतात, रिफंड पूर्ण येतो. आला की त्याच दिवशी दादा माझ्या खात्यात बरोबर निम्मे टाकतो, रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. माझ्यामुळे गेलेल्या साडेएक्केचाळीस हजारांतला त्याचा वाटा त्यानं कधी मागितला नाही. मी एकदा स्वतःहून त्याच्या खात्यात टाकला. दुसऱ्या दिवशी ती रक्कम जशीच्या तशी माझ्या खात्यात परत आली.