अस्वलाच्या चालीचा ड्रॅगन

आमच्या नाटक कंपनीचे शिंपीमास्तर चाळीस वर्षं कपडेपट सांभाळून पार दमले होते. सुईत दोरा ओवताना हात कापायचे. तरी नव्या बालनाट्यासाठी त्यांनी ड्रॅगन बेतला, तोही खवल्यांचा नव्हे, चांगला केसाळ. कान वटवाघळाचे, अंग अस्वलाचं. आत शिरणार होतो मी, आणि माझा गुडघा कामातून गेलेला.

तालमीत दिग्दर्शक ओरडले, "हा लंगडतोय! दुसरा नट बघा."

तोंडातली टाचणी काढून मास्तर म्हणाले, "अहो साहेब, अस्वल डुलतच चालतं."

दिग्दर्शकांनी तालीम पुढे चालू केली. मी आतून पुटपुटलो, "मास्तर, वाचवलंत."

"डावा पाय माझ्याच हातून दोन बोटं आखूड शिवला गेलाय," ते थकल्या आवाजात म्हणाले. "आत कुणीही शिरलं तरी लंगडणारच."