अठरा हिरवी टोपणं

औंढ्यात अंबाजीच्या हाती दूध द्यायला माणसं जरा कचरतच. एकतीस वर्षं तो गावच्या डेअरीत दूध तपासायला होता. किटली फळीवर टेकली की तो आधी दुधाकडे बघत नसे, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. मग झाकण काढी, वास घेई, पाणी कळायला डिग्री लावी आणि छोट्या बाटलीत नमुना काढून तिच्यावर नाव घाली. सख्ख्या भावाच्या दुधाचा नमुनाही तो संध्याकाळपर्यंत ठेवून देई. कुणी भांडायला आलंच, तर काही न बोलता बाटली पुढे करायची, ही त्याची पद्धत. बायको बयाबाई म्हणायची, "ह्या मानसाला देवळात तीर्थ दिलं तरी त्यो आदी डिग्री लावंल."

डेअरीतून मोकळा होऊन त्याला चार वर्षं झाली होती. सवयीनं मात्र त्याला मोकळं केलं नव्हतं.

दिवाळीनंतर भातकापणीत बयाबाईच्या टाचेत धस गेला. कापलेल्या भाताचं खाचरात उरलेलं ते टोकदार खोड. दरवर्षी कुणाला ना कुणाला लागतंच. तिनं हळद भरली आणि दोन दिवस तशीच कापणी केली. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झाला, अंग तापानं फणफणलं. गावात येणाऱ्या डॉक्टरानं पाय पाहिला, चिठ्ठी लिहिली आणि जुन्या महामार्गावरच्या एका खासगी दवाखान्याचा पत्ता दिला.

"तिथंच न्या," तो म्हणाला. "आणि माझं नाव सांगा."

'तिथंच' आणि 'माझं नाव' हे दोन्ही शब्द अंबाजीनं मनात नमुन्यासारखे बाजूला काढून ठेवले.

दवाखाना चार मजल्यांचा होता. काचेचं दार, आत गणपती, गणपतीशेजारी औषधांचं दुकान, दुकानाशेजारी पैसे भरायची खिडकी. अंबाजीनं सरकारी योजनेचं कार्ड खिडकीत सरकवलं. आतल्या बाईनं ते उलटंसुद्धा न करता परत दिलं. योजनेतल्या खाटा भरल्या आहेत, म्हणाली.

"आन् बिनयोजनेच्या?"

"त्या आहेत."

अंबाजीनं पंचवीस हजार भरले. त्यांचा एकुलता एक मुलगा सत्यम तळेगावच्या कंपनीत होता. कंपनीनं त्याचा विमा उतरवला होता, पण त्या विम्यात आईबापांना जागा नव्हती.

वरच्या वॉर्डात सृष्टी नावाची नर्स होती. तेवीस-चोवीसची, तिकोणा पेठेची. बयाबाईचं माहेरही त्याच बाजूचं निघालं, तेव्हा पहिल्याच दिवशी सिस्टरची 'सृष्टे' झाली. सलाइनची नळी तपासायला आली की ती आधी आपले गार तळवे एकमेकांवर चोळायची, मगच बयाबाईचा हात धरायची. अंबाजी ते स्टुलावरून बघत असे. एवढी माया पगारात बसत नाही, असं त्याला वाटे. काहीतरी असणार.

इंजेक्शन दिवसातून तीनदा. बोटाएवढी काचेची बाटली, तिच्यावर हिरवं टोपण. टोपण अंगठ्यानं उडवायचं आणि सुई आत घालायची. पहिल्या दिवसाचं तिसरं टोपण ट्रेमध्ये पडलं तेव्हा अंबाजी म्हणाला, "पोरी, ही टोपणं टाकू नगंस. माज्या नातीला खेळायला व्हतील."

"केवढी आहे नात, आबा?"

"पाच वर्सांची," अंबाजी म्हणाला. त्याला नात नव्हती. सत्यमचं लग्नच व्हायचं होतं. बयाबाई तापात डोळे मिटून पडली होती, म्हणून बरं.

सृष्टीनं टोपणं स्पिरिटनं पुसली आणि हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात घालून दिली. मग तो रोजचाच रिवाज झाला. दोन दिवसांनी तिनं दुसऱ्या पेशंटांची लाल आणि पिवळी टोपणंही आणली. "नुसत्या हिरव्यांशी काय खेळेल ती," म्हणाली. अंबाजी "ब्येस केलंस" म्हणाला, आणि ती पाठमोरी होताच त्यानं लाल-पिवळी निवडून रुमालात बांधली. तो आपला माल नव्हता. हिरव्यांत भेसळ नको होती.

सातव्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर आले. पाय दाबून पाहिला, सूज उतरतेय म्हणाले, इंजेक्शन बंद करून गोळ्या द्या, असं सांगून पुढच्या खाटेकडे गेले. अंबाजीनं खोकं मोजलं. सहा दिवस, अठरा टोपणं.

त्याच दुपारी एक रिकामी बाटली खिशात घालून तो लोणावळ्याच्या बाजारात गेला. एका औषधाच्या दुकानात ती काउंटरवर ठेवून भाव विचारला.

"साडेतीनशेला देईन," दुकानदार म्हणाला.

"हिच्यावर तर साडेनऊशे छापल्यात."

"छापणाऱ्याचा हात कोण धरणार, आबा? दवाखान्यात छापील लावतात. आम्हाला गिऱ्हाईक टिकवायचं असतं, आम्ही सोडतो."

अंबाजीनं मान हलवली. ही भाषा त्याला कळत होती.

दहाव्या दिवशी बिल हातात आलं. शहाऐंशी हजार. चष्मा लावून तो एकेका ओळीवरून बोट फिरवत गेला. चौदाव्या ओळीवर बोट थांबलं. इंजेक्शन, नग तीस, दर साडेनऊशे. म्हणजे बंद केलेलं इंजेक्शनही चार दिवस कागदावर चालूच होतं.

बिलाचं काम रुचिर बघायचा. पुण्याकडचा तिशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांखाली काळं. अंबाजीनं त्याच्या टेबलावर खोकं उपडं केलं आणि हिरवी टोपणं सहा-सहाच्या तीन ओळींत मांडली.

"हे काय आहे, काका?"

"तुमचा नमुना. अठरा दिली. तीस लावली."

रुचिरनं एक टोपण उचलून उलटंपालटं केलं. "तुम्ही दहा दिवस हे जमवत बसला होता?"

"एकतीस वर्सं ह्येच केलंय."

रुचिरनं खुर्ची मागे घेतली. तो चिडला नाही, ह्याचाच अंबाजीला संशय आला. "खरं सांगू का काका," तो म्हणाला, "हायवेवर अपघात होतो, माणसं आणून टाकतात, आम्ही घेतो. नातेवाईक चार दिवसांनी येतात, निम्मे पैसे देतात नि जातात. विमा कंपनी प्रत्येक बिलातून काही ना काही छाटते. योजनेचे पैसे येतील तेव्हा खरे. मशीनचा हप्ता मात्र पाच तारखेला जातोच. शिवाय पेशंट पाठवणाऱ्यांचं..." तो थांबला.

"आमच्या गावच्या डॉक्टराचं."

"मी तसं काही म्हणालो नाही."

"मंग समद्यांची भरपाई माज्या बायकुच्या पायातनं काढता व्हय?"

रुचिरनं कीबोर्ड पुढं ओढला. संगणकात काही पाहिलं, खालच्या औषधांच्या दुकानात फोन लावला, हळू आवाजात बोलला. दहा मिनिटांत यंत्रातून नवं बिल बाहेर आलं. "अकरा हजार चारशे कमी केले. ठीक?"

अंबाजीनं बिल हातात घेतलं, पण उठला नाही. दुधात पाणी घालणारा माणूस इतक्या लवकर कबूल होत नसतो.

"कुनाच्या नावावर टाकलं?"

"तुम्हाला काय करायचंय, काका? तुमचं झालं ना?"

"कुनाच्या?"

रुचिरनं उसासा टाकला. "दुकानानं बारा बाटल्या वॉर्डात पाठवल्या. परत आल्याची चिठ्ठी नाही. वॉर्डातला माल सिस्टरच्या ताब्यात असतो. तिच्या पगारातून तीन महिन्यांत कापू."

"तिनं खाली परत दिल्या आसतील तर? दुकानवाल्याला इचारा की."

"दुकान मोठ्या डॉक्टरांच्या मेहुण्याचं आहे," रुचिर म्हणाला. बाहेर थंडी आहे, अशा आवाजात. "कुणाच्या तरी नावावर टाकावंच लागतं ना."

हे वाक्य अंबाजीचं स्वतःचं होतं. डेअरीचा टँकर वडगावला पोचल्यावर कधी कधी तिकडून तूट कळायची. कॅन सांडला, मापात मारलं, कुणास ठाऊक. ती तूट कुणाच्या तरी दुधावर बसवावी लागे. भांडणाऱ्यांच्या नावाला अंबाजी हात लावत नसे. गावातला विठ्ठल वारल्यावर त्याची बायको एकच म्हैस राखून होती, सकाळी दोन लिटर आणायची आणि पावती न वाचता पदराला बांधायची. तिची फॅट एखादा पॉइंट कमी लिहून पैसे कापले की भागून जाई. तिच्या नमुन्याची बाटली त्यानं कधी ठेवली नव्हती.

जिना चढताना त्यानं मनाला दुसरीकडे वळवून पाहिलं. पोरीनंच बाटल्या विकल्या असतील. लोणावळ्यातल्या दुकानदाराकडे त्या साडेतीनशेला येतात तरी कुठून? एवढी गोड बोलते, ते उगीच नसेल. वरच्या पायरीपर्यंत त्याचा त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता.

सृष्टी बयाबाईच्या खाटेशी उभी होती. खालून तिला फोन येऊन गेला होता, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"सृष्टे, त्या बारा बाटल्या कुटं गेल्या?"

"न वापरलेल्या बाटल्यांचा ट्रे रोज संध्याकाळी मीच खाली नेऊन द्यायचे," ती म्हणाली. "चिठ्ठी मागितली तर दुकानातला म्हणायचा, ठेव तिथं, तू काय ऑडिटर लागून गेलीस का. मग मागायची सोडून दिली." तिचा आवाज सरळ होता. तेरा हजार पगारातून महिन्याला तीन हजार आठशे जाणार, हा हिशेब तिनं केलेला असणार. "आबा, टोपणं तुमच्या नातीसाठी नव्हती ना?"

बयाबाई उशीवरून उठून बसली. "कुटली नात?"

बयाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. "ह्या पोरीशी लबाड बोललासा?"

"आपल्याच पैशापायी केलं."

"मंग झाले का आपले?"

सृष्टी पुढच्या खाटेकडे निघून गेली.

अंबाजी व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. खोकं घेऊन वडगावला तालुक्याच्या कचेरीत जावं, तक्रार द्यावी, असं त्याच्या मनात आलं. नमुना आपल्याकडे आहे. आपण जिंकू, याबद्दल त्याला शंका नव्हती. पण तारखा पडतील, वर्ष जाईल, आणि तोवर दर महिन्याला पोरीचा पगार कापला जाईल. पुढं कदाचित नोकरीही. इथला मामला इथंच मिटवायला हवा होता, आणि मिटवायचा तर त्याला एकच रस्ता दिसत होता. तो त्याला जन्मात कधी धरावा लागला नव्हता.

तो खाली गेला. "मोजनी चुकली माजी," रुचिरला म्हणाला. "तीसच व्हती. बारा टोपणं माज्याकडनं हरवली."

रुचिरनं त्याच्याकडे पाहिलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "तसं लिहून द्या."

अंबाजीनं लिहिलं. औषधे पूर्ण मिळाली. माझी मोजणी चुकली. खाली सही केली. कागद घेऊन रुचिरनं खण उघडला आणि जुनं, शहाऐंशी हजारांचं बिल बाहेर काढलं. ते फाडलेलं नव्हतं. नीट, सरळ, वरच ठेवलेलं होतं.

अंबाजीला एकदम वाटलं, ह्याला माहीत होतं. मी परत येणार, हे ह्यानं आधीच धरलं होतं. कदाचित पोरीच्या पगारातून काहीच कापायचं नव्हतं; माझ्यासारखा खोकं घेऊन आला की सिस्टरचं नाव घ्यायचं, अशी इथली रीतच असेल. कदाचित तिलाही ते ठाऊक असेल. कदाचित नसेल. कशाचाच नमुना नव्हता, तपासायला काही साधन नव्हतं. नि पगार कापणं खोटं धरून आपण उठून गेलो आणि ते खरंच निघालं, तर पैसे तीच भरणार होती.

सत्यमच्या लग्नासाठी ठेवलेली बँकेतली ठेवपावती मोडून त्यानं बाकी भरली.

"तिच्या पगाराचं मशीनमधनं काढा," तो म्हणाला. "माज्यासमोर."

रुचिरनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला, दोन-तीन कळा दाबल्या. "काढलं."

पडद्यावर सगळं इंग्रजी होतं. अंबाजीनं ओळी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. एक ओळ होती ती नाहीशी झाली, की पहिल्यापासूनच नव्हती, हे त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडायच्या वेळी सृष्टी गोळ्या घेऊन आली. बयाबाई लुगडं सारखं करत खाटेवर बसली होती. सृष्टीनं कागद पाहिला आणि विचारलं, "पेशंटचे नातेवाईक कोण?"

अंबाजी पुढं झाला. पैसे भरल्याचं तिला कुणी सांगितलंय का, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. सांगावं असं त्याच्या ओठांपर्यंत आलं, पण नातीचं तिनं एकदा खरं मानलं होतं. आता ती कशाला मानेल?

"एकवीस गोळ्या आहेत. मोजून घ्या."

"आसू दे पोरी. बरोबर आसतील."

"मोजून घ्या. सही लागेल."

दोन पाकिटं दहा-दहाची आणि एक सुटी. त्यानं मोजायला सुरुवात केली, तशी तीही त्याच्या बोटाबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत गेली. एकवीस भरल्या. त्यानं सही केली. तिनं वेळ घालायला लावली, तीही त्यानं घातली.

"हात पुढं करा," ती म्हणाली.

त्यानं तळव्यावर गोळ्या घेऊन हात पुढं केला. सृष्टीनं मोबाइल काढला, गोळ्यांचा फोटो घेतला, सहीचा घेतला, मग थोडं मागं सरून त्याच्या तोंडासकट एक घेतला. अंबाजी तसाच उभा राहिला. ती "झालं" म्हणेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.